बायकोसाठी एक आभाळ

रंगाऱ्याने उभ्या आयुष्यात फक्त भिंती रंगवल्या. चित्रबित्र काढणं म्हणजे रिकामटेकड्यांचे धंदे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. तोच माणूस साठी उलटल्यावर नवशिक्यांच्या जलरंगाच्या वर्गात कॉलेजातल्या पोरींशेजारी जाऊन बसला, आणि तेही कशासाठी, तर नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ध्रुवाकडच्या आभाळातला तो रंगीत उजेड, काढायला! पण बायकोपुढे कोणाचं चाललंय?

बायकोची नजर जात होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की हे आता थांबणार नाही, फार तर काही महिने. ती रडली नाही. दवाखान्यातल्या कॅलेंडरवर ध्रुवाकडच्या आभाळाचा फोटो होता, हिरवा-जांभळा उजेड पडद्यासारखा झुलत असलेला. तो तिने डोळे बारीक करकरून बघितला, आणि बाहेर पडताना नेहमीच्या खवचटपणाने म्हणाली, "लोकांची घरं रंगवण्यात जन्म घालवलात. आता माझ्यासाठी एक आभाळ रंगवा. दिसतंय तोवर."

झालं. रंगाऱ्याने ते मनावर घेतलं.

बाई वर्गात शिकवायच्या ते ऐकायला अगदी सोपं होतं. कागद फळीवर चिकटवून पाण्याने भिजवायचा, ओला असतानाच हिरवा सोडायचा, कडेला जांभळा, भोवती गडद निळा, आणि फळी तिरकी करून रंगांना त्यांचं त्यांचं पळू द्यायचं. उजेडाची जागा कोरी ठेवायची आणि हात आवरायचा. पण हात आवरेल तो रंगारी कसला! कोरा कागद दिसला की भिंत अर्धवट राहिल्यासारखी त्याच्या जिवाची घालमेल व्हायची, आणि तो रंगाचा दुसरा हात मारायचा. हिरव्यावर जांभळा चढून आभाळाचा पार चिखल व्हायचा. बाईंनी कपाळाला हात लावला.

घरी बायको विचारायची, झालं का. तो म्हणायचा, अजून नाही. धंद्यातला त्याचा नियमच होता, काम पुरं होईपर्यंत घरमालकाला खोलीत पाऊल टाकू द्यायचं नाही. अर्धवट बघितलं की माणसाचं मन विटतं. बिघडलेले कागद तो वर्गातच फाडून यायचा. एकदा ती हट्टालाच पेटली, की असेल तसं आणा, पण दाखवा. तर हा तिच्यावरच डाफरला.

"घाई करू नकोस. एकदाच बघ, पण डोळे भरून बघ."

नजर काय याच्यासाठी ताटकळत बसणार होती? आधी सुईत दोरा ओवणं गेलं, मग टेबलावर ठेवलेला कप सापडेना. ती बोलली नाही, कुरकुरायचा तिचा स्वभावच नव्हता. आणि या बहाद्दराच्या डोक्यात नुसतं आभाळ. अरे, समोर बसलेल्या माणसाकडे कधी बघशील की नाही?

एका दुपारी जमलं. हिरवा उजेड कागदावर असा वर चढत गेला की बाईसुद्धा जागेवरून उठून बघायला आल्या. रंगाऱ्याने हात पाठीमागे घट्ट बांधले आणि कागद वाळेपर्यंत सोडले नाहीत. मग फळी छातीशी धरून तो घराकडे धावत सुटला. स्वतःच्या लग्नातही तो इतका खूश नव्हता.

बायको खिडकीशी बसली होती. त्याने चित्र तिच्या हातात दिलं. तिने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, कागद नाकापर्यंत आणला. तो शाबासकीची वाट बघत उभा.

"वरची बाजू कुठली?" तिने विचारलं.

तो तिथेच फरशीवर बसला. कधीपासून, त्याने कसंबसं विचारलं. झाला असेल आठवडा, ती म्हणाली, सगळं धुकंच आहे. मग तिने विचारलं, की ते बिघडलेले कागद कुठे आहेत. फाडले, तो म्हणाला.

"पहिला बिघडला तेव्हा मला चांगलं दिसत होतं हो."

चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्याला सोसलं असतं. ती फक्त म्हणाली, हिरवा कुठे आहे ते तरी दाखवा. त्याने तिचं बोट धरून हिरव्यावर ठेवलं, मग काळोखावर. वाळलेल्या कागदावर दोन्ही रंग हाताला सारखेच लागत होते.