शेकायच्या पिशवीने ऐकलेली कुरकुर

'कुर्र...' एवढीच एक बारीक कुरकुर झाली आणि थांबली. अगदी माझ्या अंगाशी. मित्रांनो, मला कान नाहीत. पण जन्मभर माणसांच्या पोटापाठीला चिकटून पडले, त्यामुळे आतलं बोलणं मला कळतं. ही कुरकुर चारुशीलाच्या पोटाची होती. तिच्यानंतर जी शांतता झाली, ती मला अजिबात आवडली नाही.

मी या घरातली रबराची पिशवी, गरम पाणी भरून शेकायची. रंग मूळचा मरून, आता विचारू नका. अश्लेषा जन्मली तेव्हा तिच्या बाबांनी, दुर्गेशने, मला सीताबर्डीच्या बाजारातून आणलं. इंदुआजींनी आपल्या जुन्या लुगड्याची खोळ मला शिवली. आजींचे गुडघे, बुटीबोरीच्या कारखान्यात उभं राहून आखडलेली दुर्गेशची कंबर, पुढे अश्लेषाची महिन्याची पोटदुखी, सगळं मी शेकलं. "पिशवी आण वं," अशी हाक आली की सुनेचे, म्हणजे चारुशीलाचे, पाय माझ्याकडे वळायचे. मग विजेवर तापणारी गादी आली आणि मी दाराआडच्या खिळ्यावर गेले. माझ्या मानेला चीर पडली ती तिथे. वापराने नव्हे, टांगून ठेवल्याने.

मला खाली काढलं ते चारुशीलाच्या ऑपरेशननंतर. तिचं मोठं आतडं आजाराने पार खराब झालं होतं. डॉक्टरांनी ते काढलं आणि लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूने बाहेर आणलं. लालबुंद, ओलं, लहानशा टमाट्यासारखं. त्यावर एक पातळ पिशवी चिकटवायची, शौच तीत होतं, भरली की रिकामी करायची. त्या पिशवीमुळे चारुशीला जगली. पण घरात त्या पिशवीला नाव नाही. सगळे 'ते' म्हणतात. "ते बदललं का?" "ते दिसून तर नाही राहिलं?" नातेवाइकांना हर्निया सांगितलाय. 'पिशवी' हा शब्दच नको, म्हणून माझंही नाव गेलं. आता मी नुसतं 'गरम पाण्याचं'.

दवाखान्यातल्या सिस्टरने सगळ्या घराला समोर बसवून शिकवलं होतं. हा नवा रस्ता अरुंद आहे. बारीक चावून खायचं, धाग्याचं आणि सालीचं टाळायचं, पाणी पीत राहायचं. पिशवी फार पातळ वाहू लागली तर मीठ-साखरेचं पाणी. वाहणं थांबलंच तर कपडे सैल करायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे, आजूबाजूने शेकायचं, त्या लाल तोंडावर नाही. उलटी झाली तर घरात बसून राहायचं नाही. आणि जुलाबाचं औषध कधीच नाही.

चारुशीला हे सगळं पाळते. मक्याचं कणीस सोडलं, पोह्यांवरच्या तर्रीतले चणे सोडले. फक्त ती पाळते हे कुणाला दिसू द्यायचं नसतं.

त्या दिवशी खाप्याहून प्रेमलताबाई आल्या, आपल्या मुलासाठी अश्लेषाला पाहायला. सकाळीच आजींनी सुनेला बजावलं होतं, "त्याईच्या समोर ते फुगलं नाही पाहिजे, चारू. पोरीचं जमून राहिलं." म्हणून चारुशीलाने सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

प्रेमलताबाईंनी घरच्या बागेतली संत्री आणली होती. बाई मनाच्या मोकळ्या. स्वतः सोलून एकेक फोड चारुशीलाच्या हातावर ठेवू लागल्या. "घ्या न ताई, लाजता काहून? घरचीच हायेत." एरवी चारुशीला फोडीचा रस चोखते आणि चोथा टाकून देते. पाहुणीसमोर चोथा थुंकणार कशी? आणि नको म्हणावं, तर का नको तेही सांगावं लागणार. आजी डोळ्यांनीच 'खा' म्हणत होत्या. चारुशीलाने खाल्लं. एक संत्रं संपलं की बाई दुसरं सोलत. मग जेवणं झाली, मग बोलणी सुरू झाली. ऊन कलायला लागलं तशी चारुशीला पोट धरून आतल्या खोलीत आली आणि माझ्यात गरम पाणी भरून आडवी झाली.

पडद्याआडून दुर्गेश आला. "काय झालं वं?"

"पोट आवळून राहिलं. कवापासून काहीच आलं नाही."

थोड्या वेळाने पिशवीत नुसतं घाण वासाचं पाणी आलं. दुर्गेशचा चेहरा खुलला. "पाह्य, झालं न सुरू! गॅस असन."

"हे सुरू होणं नाही. आत अडलं, कडेकडेनं पाणी सुटून राहिलं. गाडी काढा."

दुर्गेशने पडद्याकडे पाहिलं. पडद्यापलीकडे प्रेमलताबाई हसत होत्या. "पाहुणे जाऊ दे न," तो म्हणाला. "आता निघतीलच."

माझ्यातलं पाणी कोमट झालं. ते कुणी बदललं नाही.

मग तिला उलटी झाली. आवाज ऐकून प्रेमलताबाई धावतच आत आल्या, मागोमाग आजी आणि अश्लेषा. "अगं बाई! काय झालं ताईले?"

"अ‍ॅसिडिटी," दुर्गेश म्हणाला.

"पोट साफ नाही झालं तिचं," आजी त्याच दमात म्हणाल्या.

"एवढंच न? मंग दोन चमचे एरंडेल द्या. आमच्याकडं सगळ्याइले तेच देतो, अशी मोकळी होते!"

सिस्टरचं बोलणं या घरात सगळ्यांनी ऐकलेलं होतं. आजींनी लेकाकडे पाहिलं. लेकाने फरशीकडे. "आजी..." अश्लेषा एवढंच म्हणाली. आजी स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाच्या कपात एरंडेल घेऊन आल्या.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. कुणाचा हात ताटावरून मागे गेला, तर घ्या न, घ्या न करून त्याचा जीव काढू नका. आणि घरातल्या कुणाच्या अंगावर काही असेल, तर त्याचं नाव तोंडाने घ्या. नाव झाकलं की औषधही चुकीचं पुढे येतं, आणि ते देणारा हात मायेचा असतो, म्हणून नाही म्हणता येत नाही. मला तोंड आहे, पण त्याला बूच आहे. नाहीतर मीच ओरडले असते.

कप ओठांशी आला. चारुशीलाने तो हाताने बाजूला सारला. मला पोटावरून उचलून खाली ठेवलं, भिंतीला धरून उठून बसली आणि भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात प्रेमलताबाईंना म्हणाली,

"बाई, माझी शी पोटावरच्या पिशवीत होते. ती आज अडली हाये. हे एरंडेल पिली त मरन मी. आणि या घरात सगळ्याइले ते माहीत हाये."