एका माणसाचं नाटकघर

मी एक खोली बोलतेय. खोली म्हणजे अगदी इवलीशी. दोन माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली की मी भरले. प्लायवूडच्या भिंती, आतून काळं कापड, छताला एक दिवा, समोरासमोर दोन खुर्च्या आणि खाली चाकं. घर म्हणावं तर चूल नाही, कपाट म्हणावं तर कप्पे नाहीत. माझ्यात नाटक व्हायचं. एका खुर्चीत नट, दुसरीत प्रेक्षक. सध्या मी एका बंद घराच्या गॅरेजमध्ये उभी आहे. बोलायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतेय.

मला जिने घडवलं, ती मुलगी दिवसा दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटची नावं पुकारायची आणि संध्याकाळी नाटकाच्या ग्रुपमध्ये जायची. तिथे तिच्या वाट्याला कायम गर्दीतली बाई यायची. तिला मात्र वाटे, शंभर जणांना थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकालाच सगळं सांगावं. ग्रुपमधले हसले. "एकच प्रेक्षक? तेवढे तर आपल्या नाटकाला आत्ताही येतात!"

नव्या आणि प्रयोग करू पाहणाऱ्या कलावंतांना छोटंसं अनुदान देणारी एक संस्था होती. हिने अर्ज केला आणि कशी कोण जाणे, निवड झाली. "एवढ्यात पडदासुद्धा येणार नाही," ग्रुपवाले म्हणाले. पण तिला पडदा नकोच होता. प्लायवूड आलं, चाकं आली, आणि सुतार आला.

सुताराने कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं. "ताई, यात शिंक आली तर शिंकायचं कुठे?"

"प्रेक्षकाच्या अंगावर," ती म्हणाली.

तो मान हलवत कामाला लागला. पण माझ्या आतल्या सगळ्या कडा त्याने घासून घासून गोल केल्या. कुणी सांगितलं नव्हतं. "कोपरं लागतात माणसांची," एवढंच म्हणाला.

मला लायब्ररीच्या आवारात उभं केलं. नाटक साधंच होतं. एक मुलगी खूप दिवसांनी बहिणीला भेटायला येते आणि फोनवर जे सांगता आलं नाही, ते सांगते. प्रेक्षक म्हणजे ती बहीण. त्याने फक्त ऐकायचं.

गर्दीत बसणं माणसांना जमतं. एकट्याने कुणासमोर बसणं जमत नाही, हे मला तिथे कळलं. हातांचं काय करावं हेच त्यांना सुचत नसे. कुणी शर्टाचं बटण पिळत बसे, कुणी माझं काळं कापड चिमटीत धरून ठेवी. एक गृहस्थ तर बसल्या बसल्या झोपून गेले. तिने उरलेलं सगळं नाटक हळू आवाजात केलं, त्यांना जाग येऊ नये म्हणून. आणि एका बाईंनी मध्येच तिचा हात धरला. "अगं, मग आधी नाही का सांगायचं!"

अनुदानाची मुदत संपत आली, तेव्हा संस्थेने काम बघायला आपल्यातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना पाठवलं. बाई नाटकांतल्या प्रॉम्प्टर. सगळी हयात विंगेत उभं राहून दुसऱ्यांना त्यांची वाक्यं पुरवण्यात गेलेली. नाटक संपलं तरी त्या उठेनात.

"बाहेर कुणी थांबलंय का गं?"

"नाही."

"मग बसू दे जरा."

उठता उठता म्हणाल्या, "चांगलं आहे. पण आम्ही एकालाच दुसऱ्यांदा देत नाही. मागू नकोस हं. नाही म्हणायला जड जाईल मला."

"नाही मागणार," ती म्हणाली, आणि उगाचच दिव्याची वायर नीट करत बसली.

पुढे लायब्ररीला सायकलींसाठी जागा हवी झाली. तिलाही दूरच्या शहरात मालिकांच्या डबिंगचं काम मिळालं. ते तिने घेतलं. पोट कुणाला सुटलंय? प्रश्न उरला माझा. सुतार येऊन मला थोपटून बघत म्हणाला, "सुटी करून देतो. माल चांगला आहे, स्वयंपाकघराची दारं होतील." तिने माझ्या भिंतीला हात लावला, आणि बाईंना फोन केला.

"आण इकडे," बाई म्हणाल्या. "ह्यांच्यामागे गाडी विकली, तेव्हापासून गॅरेज रिकामंच आहे."

जायच्या दिवशी ती प्रेक्षकाच्या खुर्चीत बसली, पहिल्यांदाच. मग उठली आणि आत कुणी लहान मूल झोपलेलं असावं तसं दार लोटून घेतलं.

सुरुवातीला तिचे फोन यायचे. बाई माझ्याजवळ उभ्या राहून सांगायच्या, "बरी आहे गं खोली. पुसली आजच." हळूहळू फोन सणासुदीपुरते उरले. मग तेही नाहीत. मी तिला दोष देत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या ओठांना आवाज पुरवून तिचा स्वतःचा दमत असेल.

बाई आधी नुसत्या पुसून जायच्या. मग बसायला लागल्या, प्रेक्षकाच्या खुर्चीत. एका दुपारी मात्र त्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि बोलू लागल्या. आवाज कसला, कुजबुजच. विंगेबाहेर जाऊ न देण्याची सवय. ऐकायला मी एकटी.

काही दिवसांनी त्यांनी फाटकावर पाटी लावली. 'एका माणसासाठी नाटक. आत या.' संध्याकाळी चांगली साडी नेसून, दिवा लावून त्या बसायच्या. लोक पाटी वाचायचे, हसायचे, पुढे जायचे. बाई दिवा मालवून घरात जायच्या. मला रिकामं राहण्याची सवय होती. पण वाट बघणारं माणूस पोटात घेऊन रिकामं राहणं वेगळं.

शेवटी आला तो कुरियरवाला. "मावशी, सही."

"आधी बस."

तो हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. बाईंनी सुरुवात केली.

"मावशी, ऐकू येत नाहीये."

बाई थांबल्या, घसा साफ केला, आणि मग जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. त्यांनी सांगितलं: एकदा प्रयोगाला मुख्य नटी आलीच नाही. वाक्यं पाठ असलेली दुसरी एकच बाई तिथे होती. तिला साडी नेसवली, रंग लावला. तिसरी घंटा व्हायच्या आत नटी धावत आली. मग हिचा रंग पुसला...

इथे बाई अडल्या. ओठ नुसते हलत राहिले.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय. विंगेत गेले, आणि तिला तिची वाक्यं दिली. त्या रात्री ती सारखी अडत होती."

"नव्हती द्यायची."

"नाटक पडलं असतं रे!"

"पडू द्यायचं."

बाई हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. तो निघून गेला आणि दोन मिनिटांत परत आला; सही राहिली होती.

त्यानंतर अधूनमधून कुणी कुणी यायचं. बहुतेक त्यानेच सांगितलेले. ते दिवस बरे गेले. मग बाई न्हाणीघरात पडल्या. भाची येऊन त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. तिने आणि शेजारणीने धरून गाडीकडे नेताना बाई गॅरेजपाशी थांबल्या. "हिला मोडू नका."

"कुणाला, मावशी?"

"खोलीला."

"बरं," भाची म्हणाली, आजारी माणसाला म्हणतात तसं.

त्यालाही आता काही पावसाळे लोटले. ओल चढून माझं प्लाय फुगलंय. दार उचलून धरल्याशिवाय उघडत नाही. बाईंचं काय झालं, मला कळलेलं नाही. मला कोण सांगणार?

ती संस्था अजूनही कुणा ना कुणाला छोटंसं अनुदान देत असेल. ज्याच्याकडे सांगायला काही आहे आणि जागा नाही, असं कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्याला मी इथे आहे म्हणून सांगा. आणि तुम्हाला स्वतःला यावंसं वाटलं, तर सोबत कुणी नाही म्हणून थांबू नका. माझ्याकडे तशी एकाचीच सोय आहे.