मे महिन्यात न वाळलेली खळ

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. पुलगावच्या एका लहानशा वाचनालयात माझे आयुष्य गेले. माझा जन्म नागपूरच्या छापखान्यातला. तेव्हा एकेका अक्षराचा शिशाचा खिळा जुळवून पुस्तके छापत. माझा जुळारी काम करता करता मधूनच हसायचा, हे मला अजून आठवते. कारण मी विनोदी कादंबरी आहे, आणि प्रेमाचीही.

माझ्या गोष्टीत इंदू नावाची टेलिफोन ऑपरेटर आहे. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून ती इतकी थकते की देवळातली घंटा वाजली तरी "नंबर सांगा" म्हणते. डॉक्टर तिला विश्रांतीसाठी मावशीच्या गावी पाठवतात. तिथे शेजारी घड्याळे दुरुस्त करणारा एक तरुण असतो. त्याच्याकडे चाळीस घड्याळे, आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. पुढचे तुम्ही ओळखलेच असेल.

काय दिवस होते ते! गिरणीतल्या कामगारांच्या बायका मला नंबर लावून नेत. माझ्या बासष्टाव्या पानावर कुणाच्या तरी हळदीच्या बोटाचा ठसा आहे. समासात एकीने पेन्सिलीने लिहिले आहे, "हा मुलगा फार बावळट आहे." खाली दुसऱ्या अक्षरात, "पण मनाचा चांगला आहे." त्या दोघी कोण होत्या, एकमेकींना कधी भेटल्या का, याचा विचार मी कितीदा केला आहे. परतीच्या तारखांची चिठ्ठी भरली की ग्रंथपाल वच्छलाबाई तिच्यावर दुसरी डकवायच्या.

मग हळूहळू माझ्याकडे हात येईनासे झाले. पाठ फाटली, पाने सुटली. निवृत्त व्हायच्या आधी वच्छलाबाईंनी मला वीस पुस्तकांबरोबर बांधणीला दिले. स्टेशन रोडवर योगेंद्रचे बांधणीचे दुकान आहे. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी शिवतात, त्याला फर्मा म्हणतात. योगेंद्रने घाईत माझा शेवटचा फर्मा त्याच्या आधीच्या फर्म्याच्या अगोदर शिवला. त्यामुळे इंदूचे लग्न आधी झाले आणि मोठे भांडण नंतर. दोन वर्षे मला कुणी नेलेच नाही, म्हणून कुणाला कळलेही नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात मला मेघाने नेले. ती सहा वर्षे पुण्याच्या एका कंपनीत काम करत होती. एक दिवस कचेरीच्या जिन्यात तिला भोवळ आली. महिनाभराची सुट्टी घेऊन ती माहेरी, पुलगावला आली होती. एक जूनला तिला परत हजर व्हायचे होते. जाणे आपल्याला जमणार नाही, हे तिला ठाऊक होते. पण ते ना साहेबांना सांगता येत होते, ना आईला.

"काय व, बरी आहेस ना?" आई, शोभाबाई, रोज विचारायच्या.

"बरी आहे."

"थकाले तरी काय झालं? खुर्चीवर तं बसून राहाचं असते!"

"हो ना," मेघा म्हणायची आणि माझ्यात तोंड लपवायची. अर्धा अर्धा तास एकच पान. फोन वाजला की अंथरुणातही ती ताठ बसायची. 

तरी दिवसाला दोन पानांची चार झाली, चारांची दहा. आणि एका सकाळी लग्नाचे पान उलटल्यावर तिला भांडण सापडले. ती खळखळून हसली. शोभाबाई हातातले लाटणे घेऊन धावत आल्या. किती दिवसांनी घरात तो आवाज झाला होता!

मेघा मला घेऊन थेट बांधणीच्या दुकानात गेली.

"भाऊ, हे तुम्ही शिवलं?"

"हो. काऊन?"

"यात आधी लग्न होतंय, मग भांडण."

योगेंद्रने पाने चाळली. "बराबर आहे ना मॅडम. आमच्या घरी तं असंच झालं सगळ्यांचं."

मग तो लाजला. "उसवून देतो. उद्या येजा."

त्याच संध्याकाळी त्याने मला उसवले, नीट शिवले, खळ लावून पुठ्ठा चढवला. तासाभरात खळ कडक वाळली. पण दुसऱ्या दिवशी मेघा आली तर हा म्हणतो, "खळ वाळली नाही." तिसऱ्या दिवशीही तेच.

बाहेर सेहेचाळीस अंश होते. दोरीवर दुसरा कपडा टाकेपर्यंत पहिला वाळत होता.

"पुलगावात? मे महिन्यात? खळ वाळली नाही?"

"यंदा जरा ओलावा जास्त आहे," योगेंद्र पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला.

मेघाने स्टूल ओढले. "मग वाळेपर्यंत बसते."

ती रोज बसू लागली. पाने दुमडायला शिकली, टाके घालायला शिकली. त्याचे हात कामात असले की मला उघडून मोठ्याने वाचून दाखवायची, आणि दोघांपैकी एकालाही खळीची आठवण व्हायची नाही. पाचव्या दिवशी तिने "भाऊ" म्हणणे सोडले. त्या दिवशी योगेंद्रने भजनी मंडळाच्या वहीला उलटा पुठ्ठा चिकटवला. मित्रांनो, इतके सुख मला माझ्या ऐन तारुण्यातही मिळाले नव्हते. हे दिवस संपू नयेत असे वाटायचे, आणि एक जून जवळ येत होता.

अठ्ठावीस तारखेला दुपारी फोन आला. मेघा उभी राहिली, ताठ. "हो सर. बरी आहे सर. एक तारखेला... हो."

"खोटं बोलता तुम्ही," योगेंद्र मान वर न करता म्हणाला.

तिने फोनवर हात ठेवला. "आणि तुमची खळ?"

दाभण त्याच्या हातात तसाच राहिला. "ते बी खोटंच होतं. पहिल्याच दिवशी वाळली होती. तुम्ही येत राहावं म्हणून सांगितलं."

मेघा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने फोन कानाला लावला. "सर, मी बरी नाही. मी फार थकले आहे. एक तारखेला मी येणार नाही." एवढे बोलून ती स्टुलावर बसली आणि रडली. योगेंद्रने माठातले पाणी दिले.

मला घेऊन ती घरी आली आणि तिने आईलाही सांगितले. शोभाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. "मंग पहिलेच काऊन नाई सांगितलं व? मी रोज तं विचारत होती."

"तू ‘बरी आहेस ना’ असं विचारायचीस, आई. मग मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी मुदत संपली म्हणून मेघाने मला वाचनालयात परत केले. तेव्हापासून मला तिच्या आवाजाची ओढ लागून राहिली. पाने मिटलेली असली तरी कान कुठे मिटतात?

आता वाचनालयाची अभ्यासिका झाली आहे. परीक्षांची तयारी करणारी मुले सकाळपासून बसलेली असतात. आम्ही कादंबऱ्या जाळीच्या कपाटात कुलूपबंद. मुलांवर माझा राग नाही. त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे मला जाळीतून दिसतात. मित्रांनो, तुमच्याही गावात असे एखादे कपाट असेल. ते उघडायला सांगा. आणि घरात कुणी गप्प गप्प असेल, तर बरे असल्याचे उत्तर मागू नका, जवळ बसा.

आज रविवार. मघाशी मेघा आली. ती आता इथून जवळच सावंगीला कॉलेजच्या कचेरीत काम करते आणि दिवस मावळायच्या आत घरी येते, असे तिने कारकुनाला सांगितले आणि माझे नाव घेतले. कपाटाची चावी कुणाकडेच नव्हती.

"तू बस," दारातून योगेंद्र म्हणाला, "मी कुलूपवाल्याले घेऊन येतो."

तू! मित्रांनो, त्या एका शब्दासाठी मी वर्षभर अंधारात थांबले असते.

मेघा बाकावर बसली. शेजारच्या मुलीने वहीतून मान वर केली. "ताई, एवढं काय आहे त्या पुस्तकात?"

मेघाने तिची वही हलकेच मिटली आणि सांगू लागली. मी जाळीला टेकून ऐकते आहे.