साधा प्रकार

पूर्वीला आकडी येते असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मृणालला रडू आलं नाही, स्वतःची शिसारी आली. नऊ वर्षांची पोर. पाढे म्हणता म्हणता मध्येच थांबायची, डोळे उघडे, पापण्या जरा फडफडायच्या, आणि दहाएक सेकंदांनी काही झालंच नाही अशी पुढे सुरू व्हायची. या थांबण्याला दोन वर्षं घरात एकच नाव होतं, माज. त्या माजावर तिच्या बापाचा, दिलीपचा, उपाय म्हणजे पाठीत धपाटा. मृणाल धपाटे घालत नसे, ती सुशिक्षित होती. ती दंडाला चिमटा काढायची.

डॉक्टरीणबाईंनी पूर्वीच्या हातात कागदाची भिंगरी दिली आणि जोरजोरात फुंकायला लावलं. दोन मिनिटांत पोर थिजली. बाईंनी तिच्या डोळ्यांपुढे टाळी वाजवली, नाव घेऊन हाक मारली, तरी ती ढिम्म. मग त्यांनी नवरा-बायकोला समजावलं. आकडी एकाच तऱ्हेची नसते. एकीत माणूस पडतो, सगळं अंग झटके देतं. एकीत नुसता हात नाहीतर अर्धा चेहरा ओढला जातो. आणि पूर्वीची तिसरी, शुद्ध तेवढी जाते आणि परत येते, अंग जागच्या जागी. गल्लीतली लाइट जाते तसं समजा, त्या म्हणाल्या, कधी अख्खी गल्ली अंधारात, कधी एकच घर, कधी दिवा नुसता लुकलुकून पुन्हा लागतो. प्रकार कळला की औषध ठरतं. ते चुकवायचं नाही, आणि आज हा प्रकार आहे म्हणून दुसरा कधी येणारच नाही असं धरून चालायचं नाही.

दिलीपने एवढ्यातलं एकच उचललं, पडत नाही. गाडीत बसताच तो म्हणाला की हा साधा प्रकार आहे, ही काही खरी फिट नव्हे. मृणालने मनाशी एवढंच ठरवलं होतं की या दहा सेकंदांपायी यापुढे कोणी पोरीला हात लावणार नाही आणि कोणी तिचा तमाशा करणार नाही. दुसरं काही तिला नको होतं.

पण बातमी फुटलीच. राजधानीतल्या मराठी मंडळाची बस दर वर्षी चौदा जानेवारीला पानिपतला जायची. तिथे काला अंब या युद्धस्मारकापाशी मुलं पोवाडा म्हणायची आणि त्या मुलांची निवड लतावहिनी करायच्या. लतावहिनी लक्ष्मीबाई नगर वसाहतीत पंचवीस वर्षं राहिलेल्या, मंडळात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांचा फोन आला. आवाजात नुसती साखर. पूर्वीला यंदा घरीच राहू दे म्हणे, बसमध्ये काही झालं तर बाकीची मुलं घाबरतील. शिवाय पर्समध्ये एखादी जुनी चप्पल ठेवत जा, वेळेला हुंगवायला बरी. मृणालने फोन ठेवला आणि साबणाने हात धुतले. दिलीपला मात्र चपलेचं काही वाटलं नाही. त्याला लागलं ते आपल्या मुलीला यादीतून काढल्याचं.

पुढच्या रविवारी त्यांच्या गुडगावच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. लिफ्ट अजून सुरू नव्हती, त्यामुळे पाहुणे पाच मजले धापा टाकत चढले आणि वर येऊन मार्बलचं कौतुक करू लागले. सगळीकडे ताज्या रंगाचा वास, त्यात पनीर तळल्याच्या तेलाचा. जेवणं उरकल्यावर दिलीप हॉलच्या मधोमध उभा राहिला. त्याच्या हातात भिंगरी होती, लाल-पिवळी, चौकातून विकत आणलेली.

"लतावहिनी, तुम्ही स्वतःच बघा ना यार," तो म्हणाला. "बिल्कुल साधा प्रकार आहे. पूर्वी, फुंक बेटा."

मृणाल आत पानांचं तबक भरत होती. ती बाहेर येईपर्यंत पूर्वी फुंकू लागलीही होती, गाल फुगवून, नवी भिंगरी मिळाली म्हणून खुशीत. आणि मग ती थांबली. भिंगरी एकटीच जरा वेळ फिरत राहिली. दिलीप पोरीच्या नाकासमोर टाळ्या वाजवत होता, घड्याळात बघत होता, नवीन टीव्ही दाखवावा तशा उत्साहाने सांगत होता की बघा, पडली नाही, फेस नाही, काही नाही. वीस माणसं माना पुढे काढून बघत होती. कोणीतरी हातातला गुलाबजाम न थांबता खात होतं. बाराव्या सेकंदाला पूर्वीने डोळे मिचकावले आणि पुन्हा फुंकर घातली, आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"अगोबाई, एवढंच?" लतावहिनी म्हणाल्या. "मग येऊ दे की बसमध्ये. पण आमचे हे हात धुवायला गेले होते, त्यांनी पाहिलंच नाही. परत होईल का?"

वहिनींचे यजमान विश्वनाथराव रुमालाला हात पुसत पुढे येऊन बसले. दिलीपने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, चलो, अजून एकदा.

नवऱ्याची, वहिनींची, त्या गुलाबजामवाल्याची, सगळ्यांची मृणालला एकसारखी घाण वाटली. तिने तबक जमिनीवर ठेवलं, मधून वाट काढत गेली आणि भिंगरी हिसकावून घेतली.

"डॉक्टरांनी हे तपासायला केलं होतं," ती दिलीपला म्हणाली. "तुम्ही पोरीला मुद्दाम आकडी आणताय. पाहुण्यांसाठी."

दिलीप ओशाळं हसला. पूर्वी तेवढी रडकुंडीला आली आणि आईचा पदर ओढू लागली.

"दे ना आई, मला येतं ते," ती म्हणाली. "पहिले मी अशी थांबली की बाबा मारायचे आणि तू चिमटा काढायचीस. आता सगळे टाळ्या वाजवतात."