काळं नाणं आणि मो मावशींचं पोट

बाजाराच्या दिवशी गावठी उपचार करणाऱ्या पान गुरुजींच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. दक्षिण चीनच्या ग्वांगशीतल्या आमच्या गावात दवाखाना होता, पण तिथला डॉक्टर तोंडाकडे न बघता गोळ्या पुढे सरकवी. पान गुरुजी म्हातारीचा हात धरून तिला 'आई' म्हणत. लोक तिकडेच जाणार.

त्यांचा चमत्कार असा. गरम उकडलेल्या अंड्यातला बलक काढायचा, पांढऱ्यात जुनं चांदीचं नाणं खुपसायचं, रुमालात बांधून दुखऱ्या जागी फिरवायचं. थोड्या वेळानं रुमाल सोडला की लखलखीत नाण्यावर तांबड्या-निळ्या लाटा आणि मधोमध काळा डाग.

"निळं म्हणजे थंडी, तांबडं म्हणजे उष्णता," नाणं एकेकाच्या नाकासमोरून फिरवत गुरुजी सांगत. "आणि काळं म्हणजे विष. चांदीनं ओढून घेतलं बघा."

लोक माना डोलवत. अंड्याच्या वासापेक्षा मला त्या बोलण्याचाच जास्त तिटकारा यायचा.

त्या दिवशी मी गेलो तो आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मो मावशींसाठी. त्यांच्या पोटात उजवीकडे, खाली, दोन दिवस दुखत होतं. त्या पान गुरुजींकडे गेल्या हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी शिक्षकांच्या खोलीत त्यावर विनोद केला आणि वर्गावर गेलो.

आता त्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. अंगात ताप होता. शेजारी नवरा, फुकाय. गुरुजींनी अंडं फिरवलं, मावशी कण्हल्या, नाणं काळं निघालं.

"काल याहून काळं होतं," गुरुजी म्हणाले. "अर्धं विष उतरलं. आता इस्पितळाचं नाव काढू नका. सुरी लागली की उरलेलं रक्तात शिरेल."

"फुकाय, गाडी बघ," मी म्हणालो. "अपेंडिक्स असणार."

"थान सर, मी डोळ्यांनी बघितलंय. हे आहे का तुमच्या पुस्तकात?"

"आहे. नववीच्या."

मी गुरुजींकडे एक अंडं आणि एक स्वच्छ नाणं मागितलं. ते म्हणाले, हा पोरखेळ नाही. तेव्हा अळकुड्या, म्हणजे अळूचे उकडलेले कंद, विकणारी म्हातारी मागून बोलली, "द्या हो. मास्तरांच्याही अंगात विष असेल थोडं." लोक हसले, म्हणून त्यांना द्यावं लागलं.

मी ते त्यांच्यासारखंच रुमालात बांधून अंगणातल्या लाकडी खांबावर फिरवलं. रुमाल सोडला. नाणं निळं-काळं.

"खांबाला काय दुखतंय, गुरुजी?"

"इतके आजारी लोक टेकतात त्याला. मुरलंय विष."

आणि दोघांतिघांनी मानाही डोलावल्या. मला किळस आली.

मग मी म्हातारीकडून गरम अळकुडी घेतली, सोलून तिच्यात गुरुजींकडचंच दुसरं स्वच्छ नाणं खुपसलं आणि रुमाल फुकायच्या हातात दिला. "तूच फिरव, मावशींच्या पोटावर. हलक्या हातानं."

त्यानं तितकाच वेळ फिरवलं. नाणं जसंच्या तसं, लखलखीत.

"अळकुडी मुळातच थंड..." गुरुजींनी सुरुवात केली.

फुकायनं दोन्ही नाणी तळहातावर शेजारी शेजारी ठेवली. "म्हणजे अंड्यामुळे," तो हळूच म्हणाला.

"अंड्याच्या पांढऱ्यात गंधक असतं," मी म्हणालो. "उकडलं की त्याचा वायू सुटतो, तोच हा वास. चांदीवर त्याचा थर बसतो. पातळ असला की पिवळा-तांबडा दिसतो, मग निळा, जाड झाला की काळा. काल अंडं जास्त वेळ ठेवलं असेल, एवढंच."

त्यानं पुढचं ऐकलं नाही. मावशींना पाठीवर घेतलं आणि निघाला.

इस्पितळात पोचेपर्यंत अपेंडिक्स फुटलं होतं. मावशी अकरा दिवस तिथे होत्या. वाचल्या. फुकाय मला एकदाच म्हणाला, "सर, मी तिला दोनदा नेलं हो तिथे." मी एक दिवस आधी का गेलो नाही, हे त्यानं विचारलं नाही.

पान गुरुजी पुढच्या महिन्यात नदीपलीकडच्या गावी गेले. तिथेही गर्दी जमते म्हणतात.

तुमच्यासमोर कोणी असं नाणं धरलं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. आजारी माणूस बाजूला करा आणि तोच चमत्कार खांबावर होतो का ते बघा. होत असेल, तर त्या आजारी माणसाला आधी डॉक्टरकडे न्या. हसायला नंतर वेळ मिळतो.