कोझ्मा

चकती घासली गेल्याचं कळलं ते गुरुवारी दुपारी, हंगेरीतल्या देब्रेत्सेनच्या प्रयोगशाळेत, भरल्या कोबीच्या वासात.

एर्नोने डबी उघडली तर आतली चकती लखलखत होती. इतकी, की तिच्यात त्याला स्वतःचं नाक दिसलं.

खरं तर तिच्यावर तपकिरी थर असायला हवा होता. पाणी, अमोनिया आणि मिथेनॉल अंतराळाच्या थंडीत गोठवायचं, त्यावर किरणांचा मारा करायचा, मग हळूहळू ऊब द्यायची. शेवटी उरतो एक डाग. जिवाची सामग्री आभाळातून आली का, हे त्या डागाला विचारायचं. ही चकती सोमवारी तपासणीसाठी व्हिएन्नाला जायची होती. एर्नोची बायको इल्मा हिने केलेली ती शेवटची चकती. मिश्रण ती हाताच्या अंदाजाने जमवायची, आणि तिला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं.

सासूबाई रोझाली बेसिनपाशी हात पुसत होत्या. लेक गेल्यापासून दर गुरुवारी त्या जावयासाठी जेवण आणत. दारावरचा पहारेकरीसुद्धा त्यांच्या डब्याची वाट बघे.

"आई, ही तुम्ही घासली?"

"मग कोण घासणार, तू? व्हिनेगर, सोडा, तारेची घासणी. तरी मेलं निघता निघेना."

"पण कशाला?"

"डबीवर लिहिलंय की. माझ्याच पोरीचं अक्षर आहे. कोझ्मा."

एर्नोने डबी डोळ्यांजवळ नेली. ‘कोझ्मिकुश’, म्हणजे वैश्विक, हा शब्द तोडून इल्माने ‘कोझ्म’ लिहिलं होतं. पुढे माशीच्या पायाएवढं टिंब, त्यापुढे नमुन्याचं अक्षर ‘आ’. आणि कोझ्मा म्हणजे पातेल्याच्या बुडाला लागलेली करपलेली खरवड, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

शेजारच्या टेबलावरचा बेनेडेक म्हणाला, "जीव आभाळातून येईलही, पण तुझ्या सासूच्या हातून सुटायचा नाही."

"तू गप जेव," रोझाली म्हणाल्या. मग एर्नोकडे वळल्या. "लहानपणी ती भांडं करपवायची आणि झाकून ठेवायची. वाटलं, इथंही तसंच ठेवून गेली. तेवढं तरी निस्तरावं." त्यांची नजर चकतीवर गेली. "तिचं काम होतं का ते?"

"हो."

रोझालींनी पिशवीतून घासणी काढून त्याच्यापुढे धरली. "यात अडकलं असेल थोडं."

बेनेडेकने वाकून पाहिलं. "यात हंसाची चरबी आहे, काकू."

"असेल. तुमच्या त्या व्हिएन्नावाल्यांना काहीतरी सापडेल तरी."

एर्नोला हसू आलं. घासणी बाजूला ठेवून तो जेवायला बसला. रोझालींनी त्याच्या ताटात आणखी एक कोबी वाढला आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहिल्या.

त्या थरात काय होतं ते कळलेलं नाही. मिश्रण पुन्हा जमवायला एर्नो अजून बसलेला नाही.