मी घासलेले दोन बांध

हे कुणाला सांगायचं नाही, असं मला बजावलं होतं. पाठीवर हात ठेवून, अगदी हळू आवाजात. पण ज्यांनी बजावलं ते रोज माझ्यासमोरून जातात आणि माझ्याकडे बघत नाहीत. म्हणून सांगते. मी ट्रॅक्टरच्या मागे लावायची लोखंडी फळी बोलतेय, कच्चा रस्ता सपाट करणारी.

एका वेल्डिंगच्या शेडमध्ये जाड पत्रा वाकवून मला पाठ दिली गेली. खाली बोल्टने धार बसवली. वर तीन कान जोडले, ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्या अडकवायला. मग नारिंगी रंग लावून मला दुकानाच्या अंगणात उभं केलं. माझ्या शेजारी एक पेटी होती. तिला पुढे पाच दात होते. ते रस्ता उकरतात, आणि मोकळी झालेली माती पेटी पोटात धरून खड्ड्यांत सोडत जाते. मला पोट नाही. मी खरवडते आणि माती बाजूला सारते, एवढंच मला येतं.

माझे आताचे मालक आले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "रस्ता कसला आहे?"

"मुरमाचा. घरापासून डांबरी सडकेपर्यंत. उतार आहे."

"मग पेटी न्या. फळी नवख्या हाताखाली फार खोल घुसते. वरचा घट्ट थर निघाला की रस्ता गेलाच म्हणून समजा."

"अहो, पण तिला दात आहेत. मला रस्ता इस्त्री केलेला हवाय, नांगरलेला नाही."

दुकानदार हसला. "बरं बाबा, तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा."

अशी मी त्यांच्या घरी आले. रस्ता इस्त्री केलेला कशासाठी हवा होता ते मला तिथे कळलं. मालकांच्या बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. शेजारचे म्हातारे मुकादम त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते. त्यांचा डावा पाय उचलत नव्हता. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पहिले तीन महिने हातचे जाऊ देऊ नका, त्यात पाय परत आला तर आला. गाडी खड्ड्यात आपटली की वहिनी दाराची कडी घट्ट धरत आणि ओठ मिटून घेत. मालक गाडी चालवताना आरशात तेवढंच बघत.

मुकादमांचं सगळं आयुष्य रस्त्यांच्या कामावर गेलं होतं. पहिल्या दिवशी तेच माझ्यामागून चालत आले, हात मागे बांधून.

"थोडी तिरकी लाव तिला. अरे, हळू! रस्ता करतोयस की दाढी? मध्ये उंच राहू दे, पाणी दोन्हीकडे गेलं पाहिजे."

मालकांचा हात हळूहळू बसला. खड्डे बुजले. फक्त उतारावर दोन आडवे बांध उरले. वीतभर उंचीचे, तिरके. मुकादमांनी ते कित्येक वर्षांपूर्वी स्वतः घातले होते. उतारावरून येणारं पाणी तिथे अडायचं आणि कडेच्या चरात वळायचं.

"बाकी काय हवं ते घास," मुकादम म्हणाले, "त्या दोघांना हात लावू नकोस."

पण गाडी त्या दोन बांधांवर उचलली जायची आणि खाली बसायची, आणि वहिनी डोळे मिटायच्या.

मुकादम चार दिवस मुलीकडे गेले होते. मालकांनी मला जोडलं. उतारावर येऊन थांबले, बराच वेळ नुसतं इंजिन चालू ठेवून बसले. मग मला खाली सोडलं. पहिला बांध दोन फेऱ्यांत गेला. दुसऱ्यात दगड होते, त्याला चार लागल्या. शेवटी ते खाली उतरले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हे आपल्या दोघांतच राहू दे."

दुसऱ्या दिवशी गाडी त्या उतारावरून पाण्यावरच्या होडीसारखी गेली. घरी परतल्यावर मालक शीळ घालत होते. तो आनंद मला खोटा वाटला नाही, आजही वाटत नाही.

मुकादम परतायच्या आदल्या रात्रीच पाऊस लागला आणि तीन दिवस थांबला नाही. पाण्याला अडवायला काही नव्हतं आणि वरचा घट्ट थर मी आधीच खरवडून काढला होता. चाकांच्या चाकोऱ्यांतून पाणी धावलं. चौथ्या दिवशी उतारावर रस्ता नव्हता, गुडघाभर खोल घळ होती. गाडी पाच आठवडे दारात उभी राहिली. ट्रॅक्टरवर वहिनींना बसवेना. दवाखान्याने व्यायामाचा कागद पाठवला, त्यातली चित्रं बघून मालक त्यांचा पाय वरखाली करत. कधी जास्त ओढला जाई, कधी भीतीने कमी. पुढे रस्ता कसाबसा भरून त्या दवाखान्यात पोचल्या, तेव्हा तीन महिने उलटून गेले होते. आता वॉकर कायमचा.

मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, "फळीच वाकडी निघाली हो."

मुकादमांनी एकदा माझ्या धारेला दोरी लावून पाहिली. "फळी तर सुतासारखी सरळ आहे रे." मग दोरी गुंडाळत उताराकडे वळले. "माझेच बांध कच्चे निघाले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं आणि घरच्या वाटेवर तोंडघशी पडलो."

मालक तेव्हा बुटाची नाडी बांधत होते. ती आधीच बांधलेली होती.

त्या दिवसापासून मुकादम रोज सकाळी घमेलं घेऊन येतात. दगड आणतात, घळीत टाकतात, दम लागला की तिथेच बसतात. वहिनींशी बोलताना आता त्यांची मान वर होत नाही.

एका दुपारी वहिनी वॉकर घेऊन शेडच्या दाराशी आल्या. मालक माझे बोल्ट सैल करत होते.

"अहो, मुकादमांना सांगून टाका."

"काय सांगू?"

"बांध वाहून गेले नव्हते. पावसाच्या आधीच गाडीला तिथे धक्के बसायचे थांबले होते."

मालकांच्या हातातला पाना खाली पडला. "तुला माहीत होतं?"

"माझी पाठ आहे ती. तिला कळणार नाही? मला बरं वाटलं होतं. फार दिवसांनी. म्हणून मी गप्प बसले. माझंही सांगा त्यांना."

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

त्याला आज बारा दिवस झाले. मुकादमांना ते बांध नव्याने घालायचेत, म्हणून त्यांनी आज मला मागून घेतलंय. मालकांनी "न्या की" म्हटलं आणि आत निघून गेले. मुकादम आता माझ्यासमोर वाकून माझ्या कानांत पिना बसवतायत. पुन्हा कच्चे राहू नयेत म्हणून यंदा दुप्पट दगड घालणार आहेत म्हणे, या वयात. मला त्यांना एवढंच सांगायचंय. मुकादम, तुमचे बांध पक्के होते. मला माहीत आहे, दुसऱ्याला तर चार फेऱ्या लागल्या. ते पावसाने नाही, ते मी आणि

"चल गं फळीबाई, उचल पाय! दिवस कलायच्या आत उतार गाठायचाय."